खालांच्या गुलाबदाणीचं बूड

रशीदाखालांच्या गुलाबदाणीचं बूड मी खराब केलं. अगदी शुद्धीवर असताना, दिवसाढवळ्या, नाकावर चष्मा ठेवून केलं. त्याचा बोल मात्र दुसऱ्याच माणसाला लागला, आणि तो लागत होता तेव्हा मी कनातीच्या अलीकडे बसून बिर्याणीवर दुसऱ्यांदा दालचा वाढून घेत होतो. हे सगळं आता सांगून टाकतो. (माझी बायको सुमन म्हणते, "सांगून टाकायची सवय तुम्हाला जरा आधी लागायला पायजे होती." तिचं बरोबर आहे.)

टेंभुर्णीत आमच्या आणि खालांच्या घरात एकच भिंत आहे, आणि तीही फारशी मनावर घेण्यासारखी नाही. आमच्याकडे ठेचा कुटला की त्यांच्याकडे शिंका सुरू होतात. त्यांच्याकडे मिक्सर लागला की आमच्याकडे बातम्या ऐकू येत नाहीत. मी गावातल्या शाळेत मराठी शिकवतो. खाला सत्तरी ओलांडलेल्या. त्यांचे चिरंजीव मुनीरभाई शिंपी आहेत, आणि गावात असा एक लग्नाळू नवरदेव नसेल ज्याच्या छातीचं माप त्यांना तोंडपाठ नाही. मुनीरभाईंच्या पत्नी शबानाभाभी घर चालवतात. त्यांची एकुलती एक लेक नाझनीन दहावीपर्यंत माझ्याच वर्गात होती.

आता गुलाबदाणी. ती खालांच्या माहेरची, बिदरची. काळ्याभोर धातूवर चांदीच्या तारेची वेल, डाळिंबाएवढं पोट, बगळ्यासारखी मान, माथ्यावर बारीक भोकांची चकती, आणि खाली गोल बूड. आमच्या गल्लीत कुणाकडेही कार्य निघालं, हिंदूंचं असो की मुसलमानांचं, तर पत्रिका नंतर छापतात. आधी खालांची गुलाबदाणी सांगून ठेवतात. तिच्यातलं गुलाबपाणी अंगावर पडल्याशिवाय पाहुण्याला आपण आल्यासारखं वाटत नाही, आणि यजमानाला त्याला बोलावल्यासारखं वाटत नाही.

एप्रिलात आमच्या थोरलीचा साखरपुडा झाला. गुलाबदाणी अर्थातच आमच्याकडे आली. पाहुणे न्हाऊन निघाले, जेवले, गेले. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात कडुलिंबाखाली खुर्ची टाकून, ती परत द्यायच्या आधी जराशी हातात घेऊन बसलो.

इथेच चूक झाली. माझ्या हातात रिकाम्या दुपारी सुंदर वस्तू देऊ नये.

लिंबाचा फुलोरा टिपटिप गळत होता. गुलाबदाणीच्या तळाशी दोन थेंब राहिले असावेत. तिचा वास येत होता, जात होता, परत येत होता. मला दिसू लागलं की बिदरहून एक गाडी निघाली आहे, खिडकीशी सोळा वर्षांच्या खाला बसल्या आहेत, मांडीवर ही गुलाबदाणी आहे आणि बाहेर काळी जमीन मागे मागे पळते आहे. किती लग्नं हिनं पाहिली असतील! किती हातांनी हिला धरलं असेल! आणि हात म्हणताच माझी नजर बुडाकडे गेली. धरून धरून तिथला काळा रंग झिजला होता. कडेनं राखाडी पट्टा दिसत होता, जुन्या छत्रीच्या कापडासारखा.

मला वाईट वाटलं. मला लवकर वाईट वाटतं. (दूध उतू गेलं तरी मला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं असेल. दूध सुमननं ठेवलेलं असतं.) माझी आई सांगायची, लोकाचं भांडं रिकामं परत करू नये. वाटी आणली तर तिच्यात काहीतरी घालून द्यावी. मी त्या दुपारी आईच्या पुढे एक पाऊल टाकायचं ठरवलं. वस्तू आणली होती त्याहून चांगली करून परत द्यायची!

मी चिंच भिजवली, रांगोळी आणली आणि बूड घासायला बसलो.

सुमन दारात आली. "काय करून राह्यले?"

"बूड चमकवून राह्यलो."

"कशाचं?"

"खालांच्या गुलाबदाणीचं."

"अहो, लोकाची वस्तू हाये ती! जशी आणली तशी नेऊन द्या जल्दी. मी सोबत पुरणपोळ्या करून देते."

"पुरणपोळी खाल्ली की संपती, सुमन. बूड जन्मभर राहतं!"

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं. सुमन आत गेली. आत जाताना तिनं जे म्हटलं ते मी ऐकलं नाही असं ठरवलं.

मी घासत होतो. चिंचेचा आंबूस वास, गुलाबाचा वास आणि लिंबाची सावली यांचं मिळून काय होतं ते मला माहीत नव्हतं. मी हळूहळू बिदरचा कारागीर झालो. माझ्या अंगावर मलमलीचा सदरा आला. समोर नक्षीच्या छिन्न्या पडलेल्या, दाराबाहेर नबाबाचा शिपाई खोळंबलेला. तो म्हणतोय, "उस्ताद, झालं का?" मी म्हणतोय, "कलेला वेळ लागतो, बाबा." मी घासतोय, घासतोय... किती वेळ गेला कोण जाणे.

डोळ्यांवरची तंद्री उतरली तेव्हा बूड खरोखरच चमकत होतं. कुकरच्या झाकणासारखं! राहिलासाहिला काळा रंगही मी मुळासकट काढून टाकला होता. वर काळ्याभोर बुरख्यातली बेगम, आणि खाली पायात स्टीलचा डबा घालून उभी!

तेव्हा मला कळलं की तो काळेपणा म्हणजे मळ नव्हता. तीच कला होती.

शहाणा माणूस त्याच पावली खालांकडे गेला असता. मी बुटाचं पॉलिश आणायला गेलो. झेंडावंदनाला घालायचे माझे काळे बूट आहेत, त्यांची डबी कपाटात होती. दोन बोटं पॉलिश लावलं, ब्रश मारला, आणि काय सांगू! बूड असं झळकलं की त्यात मला माझा चेहरा दिसला. चेहरा समाधानी होता. पण गुलाबदाणी उचलून ठेवली आणि पाहतो तर हाताची पाच बोटं काळी. शिवाय वास! गुलाबदाणीला पंधरा ऑगस्टचा वास येत होता.

सुमननं माझ्या हातांकडे पाहिलं. "बुटाचं पॉलिश?"

"तात्पुरतं आहे."

"मिशीला लावता तो तरी रंग लावायचा होता! पॅकिट अर्धं शिल्लक हाये."

(खरं सांगतो, मी त्यावर क्षणभर विचार केला.)

पण मी शाळामास्तर. काळ्या रंगाचा विषय निघाला की मास्तरला एकच गोष्ट आठवते. शाळेच्या कोठीत फळ्याच्या रंगाचा डबा पडून होता. फळ्याचा रंग म्हणजे कसा? एकदा बसला की पोरांच्या पिढ्या उलटतात, तो हलत नाही! परीक्षेचे पेपर तपासायला गेलो तेव्हा एका वाटीत दोन चमचे रंग काढून आणला. तो वाळून घट्ट झाला होता. पातळ करायला रॉकेल हवं होतं, ते मिळेना. मग घरातलं खोबरेल तेल घातलं. तेल ते तेल! बुडावरचं पॉलिश आधी पुसून काढायला पाहिजे, हे माझ्या मनात आलं होतं. अगदी स्वच्छ आलं होतं. पण तेवढ्यात ब्रश बुडाला टेकला.

आणि ब्रश टेकला की मी गेलोच. तो काळा रंग असा खोल होता, असा मऊ होता, जणू पोळ्याच्या अवसेचं आभाळ. त्याच्या काठाशी चांदीच्या वेलीचं टोक यायचं, तिथे मी श्वास रोखून ब्रश थांबवायचो. भिंतीवर सुविचार रंगवताना मी वेलांटी सांभाळतो ना, तसं. एक सांगतो, वाईट काम इतक्या प्रेमानं मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

दोन दिवस गुलाबदाणी माळवदावर उन्हात ठेवली. पहाटे जाऊन बोट लावून पाहिलं. टणक! बोटाला काही लागलं नाही. पहाटेच्या गारव्यात लोणीसुद्धा टणक असतं, हा विचार मला शिवला नाही. नव्या पांढऱ्या कापडात गुंडाळून, सुमनच्या पुरणपोळ्यांसह, मी ती सकाळीच खालांकडे नेऊन दिली.

खालांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी कापडावरूनच हात फिरवला. "मास्टर, नवा कपडा कशाला? तुम्ही लई नाजूक दिलाचे माणूस." आणि शबानाभाभींना म्हणाल्या, "ठेव पेटीत."

मी बोललो असतो. पण चांगलं काम बोलून दाखवू नये असं मी वीस वर्षं सातवीला शिकवत आलो आहे. एक दिवस त्या स्वतःच पाहतील, चकित होतील, "हे कोणी केलं?" म्हणतील, आणि मी फक्त हसेन. असं मी ठरवलं. त्यांनी पुढे खरोखरच "हे कोणी केलं?" असं विचारलं.

मे महिन्यात नाझनीनचा निकाह ठरला. मुलगा वाटूरचा, सोयरे चांगले. नवरदेवाची शेरवानी मुनीरभाईंनी स्वतः शिवायला घेतली. मलईच्या रंगाची, गळ्याला बारीक जरी. पंधरा दिवस दुकानात दुसरं काम घेतलं नाही. मी गेलो की त्या शेरवानीवरून हात फिरवून म्हणायचे, "सर, आतापर्यंत लोकांच्या जावयांचे कपडे शिवले. हे माझ्या जावयाचं." आणि सुई हातात धरून तेही कुठेतरी पाहत बसायचे. आम्ही दोघं शेजारी उगाच नाही झालो.

निकाहाच्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून शबानाभाभींचा आवाज आला.

"सर! गुलाबदाणी कशात गुंडाळल्ती तुम्ही? कपडा बुडाला चिकटून राह्यला न्हाई का. ओढून काढला तर धागे तसेच!"

हीच वेळ होती. भाभी समोर, भिंत मध्ये, आजूबाजूला कुणी नाही. देवानं याहून सोयीची वेळ कुणाला दिली नसेल.

मी म्हणालो, "उन्हाळा फार आहे ना यंदा!"

"उन्हाळा हाये, पण... बरं, पुसून घेते मी."

पुढचं सगळं मला एखाद्या स्वप्नासारखं आठवतं, कारण ते तसंच घडलं: हळू, सुगंधी, आणि माझ्या हातात काहीही नसलेलं. पांढराशुभ्र मांडव. त्यातून गाळून आलेलं दुपारचं पिवळसर ऊन. मोगऱ्याचे हार. दारात मुनीरभाई गुलाबदाणी घेऊन उभे, आणि शेजारी मी, हातात अत्तराच्या फायांचं तबक घेऊन. हा मान त्यांनी मुद्दाम मला दिला होता. "सर, तुम्ही माझ्या बाजूला पायजे," म्हणाले होते.

वाटूरची मंडळी आली. मुनीरभाईंनी गुलाबपाणी उडवलं. थेंब उन्हात चमकले आणि सावकाश खाली आले. मी डोळे मिटून तो वास घेतला. उघडले तेव्हा मुनीरभाईंचा तळहात काळा झाला होता.

त्यांचं लक्ष नव्हतं. ते व्याह्यांना भेटत होते. व्याही म्हणजे पांढरीशुभ्र दाढी, पांढराशुभ्र झब्बा. मुनीरभाईंनी तीन वेळा गळाभेट घेतली आणि प्रेमानं त्यांच्या गालावरून हात फिरवला. दाढी डाव्या बाजूनं काळी झाली! डावीकडून पाहिलं तर व्याही पस्तिशीचे, उजवीकडून पासष्टीचे! मागची मंडळी पुढे आली, त्यांच्याही गळाभेटी झाल्या. व्याह्यांनी मग कौतुकानं गुलाबदाणी स्वतः हातात घेऊन पाहिली, त्यांच्या भावानं त्यांच्या हातातून घेऊन पाहिली, आणि "क्या काम है, वाह!" म्हणत ती मांडवभर फिरली. जिथे गेली तिथे कुणाच्या बाहीवर, कुणाच्या टोपीवर, एका मामूंच्या तर नाकावर काळं बोट उमटत गेलं. जणू निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर कुणाचा ताबाच राहिला नव्हता.

मी मुनीरभाईंना हाक मारायला तोंड उघडलं. तोंडातून "फाया घ्या, फाया" एवढंच निघालं.

आणि मग नवरदेव आला. मलईच्या रंगाची ती शेरवानी मी पहिल्यांदाच अंगावर चढलेली पाहत होतो. मुनीरभाईंचे डोळे भरून आले. त्यांनी जावयाला पोटाशी धरलं, पाठ थोपटली, आणि दोन पावलं मागे सरून आपण शिवलेलं पाहायला लागले. जावई निकाहाला बसायला वळला. पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या बरोबर मध्ये, पाच बोटांसकट काळा पंजा!

मुनीरभाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग पंज्याकडे. मग पुन्हा हाताकडे. शिंपी माणूस, माप बराबर जुळलं.

त्यांनी घरात जाऊन एक जरीची शाल आणली आणि जावयाच्या खांद्यावर पांघरली. मे महिन्याच्या दुपारी त्या पोरानं अख्खा निकाह शाल पांघरून काढला. घामानं निथळत होता बिचारा. वाटूरचे लोक म्हणत होते, "पोरगा किती भारावून गेलाय!"

जेवणं सुरू झाली तेव्हा कनातीपलीकडून, बायकांच्या बाजूनं खालांचा आवाज आला.

"हे कोणी केलं?"

मग त्या सुनेलाच विचारू लागल्या.

"पेटी किसके पास रहती? मांजली कोणी?"

"अम्मी, मैं तो नुसता कपडा मारली सकाळी," शबानाभाभींचा आवाज.

"कपड्यानं बूड असं होतं? साठ साल हो गए, किसीने नख नहीं लगाया उसको. कित्ते बार बोली, राख नक्को लगाओ, माती नक्को लगाओ! आज माझ्या नातीच्या निकाहात... ला इधर. चावी दे पेटीची."

किल्ल्यांचा आवाज आला. शबानाभाभी लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हापासून, म्हणजे पंचवीसेक वर्षं तरी, ती चावी त्यांच्या ओढणीच्या टोकाला असायची. मी पाहत आलो होतो. त्यांनी लेकीच्या निकाहाच्या दिवशी, चार बायकांसमोर, ती सोडून दिली.

माझ्यासमोर वाढपी उभा होता. "सर, दालचा?"

मी ताट पुढे केलं. हेच ते. यापेक्षा खाली माणूस जात असेल, पण मी तरी गेलेलो नाही.

त्यानंतरचे दिवस मी जागेपणी आणि स्वप्नात एकाच घरात राहिलो. डोळा लागला की पांढऱ्या भिंतीवर काळे पंजे चालत यायचे आणि माझ्या उशाशी शिस्तीत बसायचे. जाग आली की भिंतीपलीकडून शबानाभाभींचा आवाज यायचा: "अम्मी, चावी देव ना, सुपारी काढायची." घटकाभरानं: "अम्मी, चावी... चादरी काढायच्या." स्वतःच्याच घरात एखाद्या पाहुणीसारख्या! आमच्याकडे भिंतीवरून वाटी यायची बंद झाली. चावीखेरीज सासूसुनांचं बोलणंही बंद झालं. नाझनीन सासरी गेली होती, आणि भाभी दोन्ही बाजूंनी एकट्या झाल्या होत्या.

"जाऊन सांगा," सुमन म्हणाली.

"सांगतो. योग्य वेळ येऊ दे."

"तुमची योग्य वेळ म्हणजे शाळेचा निकाल हाये का? जूनमध्ये लागायला?"

"खालांना धक्का बसेल."

"खालांना न्हाई बसत. तुम्हाला बसंल. इज्जतीला."

"मी सांगतो म्हणलं ना!"

"मंग मी सांगू?"

"नको!" मी इतक्या जोरात ओरडलो की भिंतीपलीकडचा मिक्सर थांबला.

निकाह रविवारी झाला होता. शुक्रवारी संध्याकाळी जुम्मगी होती. लग्नानंतर शुक्रवारच्या दिवशी नव्या जोडप्याला मुलीच्या माहेरी जेवायला बोलावतात, ती जुम्मगी. आम्हा दोघांनाही बोलावणं होतं. अंगणात दस्तरखान अंथरलेलं, नुकतंच पाणी शिंपडलेल्या जमिनीचा वास, आभाळात एकच चांदणी उगवलेली. नाझनीन नव्या बांगड्या वाजवत इकडून तिकडे फिरत होती. व्याही आले, आणि मी पाहतच राहिलो. त्यांची दाढी आता दोन्ही बाजूंनी काळी होती!

"एक बाजू जमून गेल्ती," ते गालावर हात फिरवत म्हणाले, "मंग दुसरीनं काय गुन्हा केला? जाफराबादहून रंग आणला आणि बराबर करून घेतली. घरात बोलले, लई जवान दिसता!"

सगळे हसले. खालाही हसल्या. आणि हसता हसता पाहुण्यांना म्हणाल्या, "काय करू, साहब? आमच्या बहूची मेहेरबानी. मांजून मांजून साठ सालचं काम खलास केलं."

पुन्हा हशा झाला. शबानाभाभी त्या वेळी वाडगा घेऊन वाकल्या होत्या, जावयाच्या ताटात वाढत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. त्याही हसल्या, म्हणजे ओठ तेवढे हलले. आणि पळी ताटाच्या काठाला लागून वाजली.

मी उभा राहिलो. तोंडात घास होता.

"खाला," मी म्हणालो, "ते मी केलं."

घास गिळायला वेळ लागला, तेवढा वेळ सगळे माझ्याकडे पाहत होते.

"साखरपुड्याला आणली ना, तेव्हा. चिंचेनं मी घासलं. रांगोळीनं. मग बुटाचं पॉलिश मी लावलं. मग फळ्याचा रंग. शाळेतला. तोही न विचारता आणलेला. त्यात खोबरेल घातलं, म्हणून तो वाळला नाही. मुनीरभाई, तुमच्या शेरवानीचा पंजा माझा. हात तुमचा, पण पंजा माझा! जावईबापू, तुम्ही शालीत उकडून निघालात, ते माझ्यामुळे. व्याहीबुवा, तुमची दाढी..."

"दाढीचं राहू द्या," व्याही घाईनं म्हणाले.

पण मला आता थांबता येईना. बांध फुटला की पाणी कुणाचं शेत ते विचारत नाही. "आणि नाझनीन, दहावीला तोंडी परीक्षेत तू कविता म्हणत होतीस, तेव्हा माझा डोळा लागला होता. मी काहीच ऐकलं नाही. मार्क अंदाजानं दिले!"

"सर!" नाझनीन उभी राहिली. "सहा दिल्ते तुम्ही! दहापैकी सहा! मी आठ दिवस रडल्ते!"

"माफ कर, बेटा."

"किती पाठ केल्ती मी!"

"माफ कर."

मुनीरभाईंनी तोंडावर हात ठेवला होता. रडतात की हसतात कळेना. खाला मात्र शांत होत्या. त्या म्हणाल्या, "मास्टर, खोबऱ्याचं तेल नुसतं बोटभर लावलं असतं, तर ते आपोआप काळं झालं असतं. तेच तर लावतात त्याला."

म्हणजे औषध माझ्या हातात होतं आणि मी ते रंगात कालवलं होतं! मी मान खाली घातली. "आता काय होईल, खाला?"

"काय व्हायचं? मुनीरनं रंग खरवडून काढला. मी तेल लावून राह्यली रोज. हात लागंल, तेल लागंल, पाचसहा लग्नं होतील. येईल परत." त्या जरा दूर कुठेतरी पाहत म्हणाल्या, "रंग लग्नांतच येतो त्याला."

मी मनातल्या मनात त्या पाचसहा लग्नांना जाऊन आलो. कोण नवरी, कुठला मांडव... मन हलकं झालं. मी खाली बसलो आणि ताट ओढलं.

सुमननं माझ्या सदऱ्याचं टोक खेचलं. दातांतून म्हणाली, "सगळ्यांची माफी मागितली. दाढीची मागितली, मार्कांची मागितली. जिची मागायची तिचं काय?"

मी वर पाहिलं. शबानाभाभी स्वयंपाकघराच्या दारात पाठमोऱ्या उभ्या होत्या. वाडगा अजून हातात होता.

मी पुन्हा उठलो. या वेळी तोंडात घास नव्हता. त्यांच्यामागे जाऊन उभा राहिलो. खिशातल्या कागदांना एकदा हात लावला आणि काढून घेतला.

"भाभी," मी म्हणालो, "बूड मी खराब केलं, ती एक चूक. पण त्या दिवशी तुम्हाला बोलणी बसत होती आणि मी ऐकत जेवत बसलो. ती मोठी. तुमची चावी माझ्यामुळे गेली. मला माफ करा."

भाभी वळल्या. डोळे पुसले नाहीत, ओढणी नीट केली. मागून खाला उठल्याचं ऐकू आलं. त्या सावकाश चालत आल्या, कमरेची चावी सोडून सुनेच्या मुठीत ठेवली, मूठ स्वतःच्या हातानं मिटली आणि परत जागेवर जाऊन बसल्या.

शबानाभाभींनी त्या मुठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सर, दोन मिन्टाचं बोलणं होतं हे. पाच दिवस काय करून राह्यल्ते तुम्ही?"

लपवायला आता काही उरलंच नव्हतं. मी खिशातून कागद काढून दाखवले. चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, समास सोडून, वर प्रस्तावना, खाली समारोप.

"माफीनामा लिहून राह्यल्तो, भाभी. शुद्धलेखन राहिलं होतं."